सशाच्या टाचेचं औषध

१२ जानेवारी, पुणे

चि. पवन,

जय भीम.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण मी दुसरं करू काय? तुझा फोन पोलीस भरतीच्या अकॅडमीत कपाटात असतो. रविवारी तासभर हातात मिळतो तेव्हा तू मायला लावतोस, माझा नंबर तर बंदच करून ठेवलायस. तेव्हा पत्र.

काल मायचा फोन आला होता. आवाज इतका मोकळा किती दिवसांनी ऐकला! म्हणाली, "सत्या, पवन्याची टाच बरी झाली गं. पळतोय म्हणं वाऱ्यावानी."

मी विचारलं, "कशानं बरी झाली?"

"सरांनी सुया दिल्या की. तुझंच औषध हाय म्हणं ते. तू ज्याच्यावर शिकतीस तेच."

पवन, मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी होते. तिथंच पायरीवर बसले.

माझं औषध कुणाला देता येत नाही, कारण ते अजून औषध झालेलंच नाही. तुला दिवाळीच्या सुट्टीत समजावून सांगितलं होतं, तेव्हा तू ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतास. पुन्हा सांगते. शरीरात प्रथिनं असतात, त्यांचे छोटे तुकडे म्हणजे पेप्टाइड. काही तुकडे जखमेला 'इकडे भर' असा निरोप देतात. तसे तुकडे आम्ही प्रयोगशाळेत बनवतो आणि सशाच्या टाचेमागची शीर तुटली तर ती लवकर जुळते का, ते पाहतो. जुळते असं दिसतंय. मी त्याच्यावर लेखही लिहिलाय. पण सशापासून माणसापर्यंत यायला अजून बरीच वाट आहे आणि त्या वाटेवर आम्ही नुकतंच पाऊल टाकलंय.

तू तेव्हा बर्फाची पिशवी टाचेला बांधून ओसरीत बसला होतास. म्हणालास, "एक बाटली आण ताई, कुणाला कळतंय?" मी नाही म्हणाले. मग तू जे बोललास ते मायनंही ऐकलं. "सशाला देतीस, सख्ख्या भावाला न्हाई." तेव्हापासून तू माझ्याशी बोललेला नाहीस.

राग ठेव. पण मला एवढंच कळव, बाटलीवर काय लिहिलंय? कुठून येते? सुई नेमकी कुठं देतात, मांडीत की थेट टाचेपाशी? आणि तोवर पुढची सुई घेऊ नकोस.

तुझी,
सत्यशीलाताई


२० जानेवारी, चकलांबा

पवन,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मीच येऊन गेले. तुला कुणी सांगितलं की नाही, माहीत नाही.

पुण्याहून कड्याला उतरले आणि अकॅडमी विचारत गेले. गेटवरच्या पाटीवर भरती झालेल्या पोरांचे फोटो, खाली तुमचे भगवानराव सर फौजेच्या वेशात. मला वाटलं होतं, कुणीतरी लबाड माणूस भेटेल. तसं असतं तर सोपं गेलं असतं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मी तुझी बहीण म्हटल्यावर उठून उभेच राहिले.

"तुमीच का त्या सत्यशीला साळवे? अवो, तुमच्या जिवावर तर चाललंय आमचं!"

आणि फोनमध्ये माझा लेख काढून दाखवला. पवन, माझा लेख. पहिल्या पानावर माझं नाव. बाटल्या विकणाऱ्यानं तो पाठवलाय, नगरच्या कुठल्याशा जिमवाल्यानं. सरांनी आपल्या मुलीकडून, चैतालीकडून, तो वाचून घेतलाय. म्हणाले, "तुमच्याच कागदात लिवलंय की, सशाचा पाय जुळला. मग पोरांचा कावून जुळणार न्हाई?"

मी म्हटलं, "सर, ससा जुळला की आम्ही त्याला मारतो. मारल्याशिवाय आतली शीर कापून बघता येत नाही. पुढं त्या सशाचं काय झालं असतं, ते मला माहीत नाही. जगात कुणालाच माहीत नाही. आमच्या सशांना पुढं नसतंच."

त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. "मी सवता घेतो, ताई. आधी माझ्या गुडघ्यात, मग पोरीच्या, मग या लेकरांच्या, ज्याचं जिथं दुखतं तिथंच. मी काय पोरांचं वाईट करीन?"

मला त्यांचं म्हणणं खरं वाटलं. म्हणूनच जास्त भीती वाटली.

तुला भेटू दिलं नाही. मैदान, म्हणजे भरतीची धावण्याची चाचणी, तोंडावर आलंय, घरच्यांच्या भेटी बंद, हा नियम सगळ्यांनाच आहे म्हणाले. पण मी एक रिकामी बाटली मागितली तर दुसऱ्या क्षणी काढून दिली. तळाला थोडं पाणी राहिलेलं. "न्या, तपासा. आमच्यात चोरी न्हाई." बाटलीवर इंग्रजीत छापलंय की हे फक्त संशोधनासाठी आहे, माणसांसाठी नाही. मी ते बोटानं दाखवलं. ते म्हणाले, "ते कायद्यापायी लिवतेत, असं जिमवाला म्हनला."

निघताना तुला लांबून पाहिलं. कारखान्याकडच्या रस्त्यावर तुम्ही सगळे पळत होता आणि तू सगळ्यांच्या पुढं होतास. लंगडत नव्हतास. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. क्षणभर वाटलं, जाऊ दे ना, लागू पडतंय तर पडू दे. मी हाक मारली होती. तुझ्यापर्यंत आली नसेल.

मायला मी यातलं काही बोललेले नाही. ती अंगणवाडीतल्या बायांना तुझ्या भरतीचे पेढे आधीच कबूल करून बसलीय.

सत्यशीलाताई


३० जानेवारी, पुणे

पवन,

हे पत्र दोनदा वाच.

बाटलीत राहिलेलं पाणी मी आमच्या यंत्रावर लावलं. बाहेरचा नमुना लावायला परवानगी लागते, ते माझं मी बघेन. एकदा लावलं, विश्वास बसला नाही म्हणून परत लावलं. माझं पेप्टाइड त्यात नाही. दुसरं कुठलं पेप्टाइडही नाही. आहे ते स्टेरॉइड. साधं, स्वस्त, सूज आणि ठणका दाबणारं.

म्हणून तुझी टाच दुखत नाही. बरी झाली म्हणून नव्हे. ठणका दाबलाय म्हणून.

ते स्टेरॉइड डॉक्टरसुद्धा देतात, पण टाचेमागच्या शिरेपाशी देताना दहादा विचार करतात. तिथं ते पुन्हा पुन्हा टोचलं की शीर आतून कुजल्यासारखी कमजोर होते. माणसाला मात्र वाटतं, आपण ठणठणीत आहोत. दुखत असतं तर तू सावध पळाला असतास. आता तू सगळा जोर लावून पळशील. ज्यांची ती शीर तुटते ते एकच गोष्ट सांगतात. मागून कुणीतरी सणकून लाथ मारली असं वाटलं, आणि वळून पाहिलं तर मागं कुणीच नव्हतं.

आता एकदम थांब. सुई नको, पळणं नको. उड्या तर अजिबात नको. सरांना म्हणावं टाच दुखतेय, खोटं सांग हवं तर. बीडला जाऊन सोनोग्राफी करून घे.

भरती पुढच्या वेळी येईल. हे वाक्य लिहिताना मला माझाच राग येतोय. तू किती वर्षं थांबलास ते मला माहीत आहे. पण लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

उत्तर दे. शिव्या दे, पण दे.

ताई


४ फेब्रुवारी, कडा
(अकॅडमीसमोरच्या चहाच्या टपरीवरून)

भगवानराव सर,

हे पत्र पवनला नाही, तुम्हाला लिहिते आहे.

रविवारी पवननं आमच्या आईला फोन केला. तेव्हा तो म्हणाला म्हणे, "ताईनं साधं पत्र तरी टाकायचं." मी तीन टाकली आहेत. निदान पहिली दोन कधीच पोचायला हवी होती. मग तुम्हाला फोन लावला. तुम्ही दोनदा कट केलात. म्हणून आज मी पुण्याची एक महत्त्वाची बैठक सोडून इथं आले. पोरं सकाळीच बीडला गेली, असं गेटवर कळलं. तुम्ही आत होतात, पण भेटायला नाही म्हणालात.

तुमच्याऐवजी चैताली बाहेर आली. भिंतीला धरून चालत होती. मी विचारलं, "मैदान कधी आहे तुझं?"

"माझं न्हाई आता. गुडघा सुजलाय. आप्पा म्हनतेत, अजून एक सुई घेतली की उतरंल."

तिनंच मला सांगितलं की मैदानाच्या आधी तुम्ही कुणाचीच घरची पत्रं देत नाही, पोरांचं चित्त विचलित होतं म्हणून. वाचतही नाही. नुसती पिशवीत ठेवता. तुमच्याविषयी मी मनात काय काय धरलं होतं, ते आता सांगत नाही.

सर, ती पिशवी उघडा. पवनच्या नावाची माझी तिन्ही पत्रं फोडा आणि वाचा. तिसरं आधी वाचा. मी परवानगी देते.

मग चैतालीच्या गुडघ्यावर हात ठेवून बघा, गरम लागतो का. मी हात ठेवला होता. चांगलाच तापलाय. मी डॉक्टर नाही, पण तो नुसता मुरगळलेला गुडघा नाही, आत पू धरतोय असं मला वाटतं. या बाटल्या कुठल्या खोलीत, कुठल्या पाण्यात भरल्या जातात, कुणाला ठाऊक. तिला आजच्या आज दवाखान्यात न्या. सुई देऊ नका. तुमच्या पाया पडते.

आता पवनचं. त्याचं मैदान उद्या सकाळी आहे. मी आत्ता बीडला निघतेय, पण तो कुठं उतरलाय ते मला कुणी सांगत नाही. तुम्ही संध्याकाळी त्याच्यापाशी असाल. त्याला पळू देऊ नका. माझं तो ऐकणार नाही. माझ्या तोंडून आलं की त्याला ती जुनीच नकारघंटा वाटेल. तुमचं ऐकेल. तो मायला सांगतो, सर म्हणाले तर विहिरीत उडी घेईन.

एक गोष्ट लपवत नाही. औषध प्रशासनाकडे द्यायची तक्रार मी लिहून ठेवली आहे. त्यात पवनचं नाव घातलं तर त्याच्या भरतीचं काय होईल मला सांगता येत नाही, आणि नाही घातलं तर तक्रारीत दम राहत नाही. मी अजून ती पाठवलेली नाही. पण असल्या बाटल्या अजून किती अकॅडम्यांत जात असतील, याचा विचार तुम्हीही करा.

हे पत्र चैतालीच्या हातात देते आहे. तिनं मला विचारलं, "मला बी तेच दिलंय का?" मी हो म्हटलं. तिला खोटं सांगवलं नाही.

सत्यशीला साळवे


१२ फेब्रुवारी, छत्रपती संभाजीनगर

सत्यशीलाताई यांस,

भगवानरावचा रामराम. जय भीम.

मला लिवायची सवय न्हाई. फौजेत असताना घरी लिवायचो तेवढंच. चुकलं तर समजून घ्या.

मैदानाच्या दिशी तुमी मोठ्या गेटला उभ्या व्हत्या, हे मला परत निघताना दिसलं. पोरांना मागल्या गेटनं घेतलं त्या दिशी. आमी भाईर निघालो तवा तुमी जीप बघितली, आत पवनला बघितलं, त्यानं तोंड फिरवलं अन् मी गाडी थांबवली न्हाई. थांबवायची हिंमत झाली न्हाई. काय झालतं ते सांगतो.

तुमचं पत्र चैतालीनं हातात दिलं तवा मी चिडलो. लेक म्हनली, "आप्पा, आधी वाचा. न्हाई वाचलं तर मी सवता बीडला जाऊन पवनदादाला सांगन." मग पिशवी उघडली. तिसरं वाचलं. चैतालीच्या गुडघ्याला हात लावला. हात भाजावा तसा तापलेला. मीच रोज म्हनत व्हतो, सूज हाय, उतरंल. तिला रातीच तिच्या मामासंगं दवाखान्यात धाडलं अन् मी पहाटं बीडला गेलो.

पवनला सकाळी रांगेत गाठलं. सगळं सांगितलं. तो हसला. "सर, टाच दुखतच न्हाई. ताईचं ऐकून आलात व्हय?" मी म्हनलं, दुखत न्हाई हेच वाईट हाय. तो म्हनला, "पळू द्या. एकदाच. मग तुटली तर तुटली." मी म्हनलं, रांगेच्या भाईर ये. तो येईना. गेट उघडलं, रांग सरकली. मी दंड धरला, त्यानं हिसडा दिला. त्या पोरानं माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. "सोडा बे!" असं म्हनला मला.

ताई, आमच्यापुढं दोनच पोरं राहिलती. मी त्याच्या हातातलं हॉलतिकीट ओढलं अन् फाडलं. बारीक बारीक फाडलं. सारी रांग बघत व्हती. ज्या मानसानं पोरांना त्या गेटातून आत घालायला आख्खी जिंदगी घातली, त्यानं.

पवन तिथंच खाली बसला. मग त्यानं मला मारलं. छातीवर, दोन्ही मुठीनं. मी मारू दिलं. पोलीस आले, त्यांना म्हनलं, घरचं भांडन हाय.

चैतालीचा गुडघा इथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी उघडला. पूच व्हता. अजून एक सुई दिली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टर बोलले अन् मी भाईर येऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. पाय वाचलाय. पळंल का, ते आज कुणी सांगत न्हाई.

तुमची तक्रार तुमी धाडू नका. मी सवता गेलतो. उरलेल्या बाटल्या टेबलावर ठेवल्या, जिमवाल्याचं नाव दिलं, अन् कुणाला कुणाला टोचलं असं इचारलं तवा म्हनलं, मला अन् माझ्या लेकीला. बाकी पोरांची नावं मी देनार न्हाई. त्यांची भरती व्हायचीय अजून. अकॅडमीला कुलूप लावलंय.

तुमची तिन्ही पत्रं पवनच्या हातात दिली. त्यानं घेतली. वाचली का न्हाई, मला म्हाईत न्हाई.

भगवानराव


८ मार्च, चकलांबा

ताई,

वाचली.

लगेच वाचली न्हाई. दोन आठवडे उशाखाली पडून व्हती. माझ्या मनात तुझं नाव बी नको व्हतं. गावात लोक इचारत व्हते, काय झालं मैदानाचं? माय सांगायची, तारीख पुढं गेली. मायला खोटं बोलायला लावलं आपन दोघांनी.

मग टाच दुखायला लागली. सुई बंद झाली न्, त्यानं. पाय टेकवंना. माय म्हनली चल, अन् आमी बीडला गेलतो. डॉक्टरनं सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन्ही पाय दाखवले. चांगल्या पायाची शीर सरळ, भरीव, दोरखंडावानी. दुसरी मधीच खाऊन टाकल्यासारखी. जेवढी राहिलीय तेवढ्यावर मी पळत व्हतो. डॉक्टर म्हनले, पहिल्या जोराच्या धक्क्याला गेली असती.

मी म्हनलं, कदाचित गेली नसती.

ते म्हनले, कदाचित.

ताई, त्या कदाचितनं मला झोपू दिलं न्हाई. सोळाशे मीटरला मी आमच्यात पहिला व्हतो. पळालो असतो अन् टिकली असती तर? तू म्हनलीस न्, तुमच्या सशांना पुढं नसतं. तसं माझं झालंय. त्या सकाळचं पुढं मला कधीच कळनार न्हाई. सरांवरचा राग गेला. तुझ्यावरचा थोडा हाय अजून, खरं सांगतो.

सरांकडं जाऊन आलो. चैताली दोन काठ्यांवर चालती. मला बघून सर गुडघा धरत उठले, मी त्यांना बसवलं. चैतालीच म्हनली, "दोघं बी लंगडे बसलात, चहा मीच करायचा का आता?" तवा सर पहिल्यांदा हसले.

आता मेन सांगतो, ज्यासाठी हे पत्र लिवायला घेतलं.

काल माय बोलता बोलता बोलून गेली. तुझं यंत्रावरचं काम काढून घेतलंय म्हणं. बिगर परवानगीचा नमुना लावला म्हनून चौकशी बसलीय, अन् पहिल्याच बैठकीला तू गेली न्हाईस. त्या दिशी तू कड्याला टपरीवर बसून सरांना लिवत व्हतीस. मला तू एका शब्दानं सांगितलं न्हाईस. "ते माझं मी बघेन" एवढंच लिवलंस. अन् आता सामान घेऊन गावाकडं येतीस म्हणं. कावून? इथं येऊन काय करनार? आमच्या दोघांची तोंडं बघत बसनार?

येऊ नको. म्हंजे तसं न्हाई. सुट्टीला ये. पर सामान घेऊन येऊ नको.

पुढची बैठक कवा हाय ते कळव. मी येतो. प्लास्टर हाय, पर एसटीत बसता येतं. तुझे साहेब लोक इचारतील, ती बाटली कुठली, कशावरून मानसाला टोचत व्हते, कशावरून तपासायची एवढी घाई व्हती. तू त्यांना यंत्राचा कागद दाखवशील. ते म्हनतील, कागद काय कुनी बी आनतं. तवा मी पँट वर करून पाय दाखवतो. सोनोग्राफीचा फोटो बी आनतो.

सरांनी माझं नाव वगळलं, ते चांगल्या मनानं वगळलं. तू बी त्याच्यासाठीच तक्रार थांबवलीस, म्हाईत हाय मला. भरतीत अडचन येईल, हे बी कळतंय. सरांशी बोललोय. ते म्हनले, तुझं तू ठरव. मी ठरवलंय.

तुझ्या चौकशीच्या कागदात 'एक उमेदवार' असं कायतरी लिवलं असशील, तर ते खोड. माझं नाव लिव. पुरं लिव.

पवन ज्ञानोबा साळवे
मु. पो. चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड